पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांची इंजिने गरम करणे थांबवा: आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, नाशिक.

विषय: तळमजल्यावरील पार्किंगमध्ये सकाळी गाड्या उभ्या ठेवून इंजिन गरम करण्याची प्रथा बंद करणे, तसेच पार्किंगची पूर्वेकडील बाजू पत्रे लावून बंद करण्याचा निर्णय रद्द करणे, याबाबत.

सप्रेम नमस्कार.

या विषयावर मी आपल्याला दोन लेखी अर्ज दिले. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले, ते तीन ओळींचे होते: वाहन केव्हा सुरू करावे आणि किती वेळ चालू ठेवावे हा सभासदांचा वैयक्तिक प्रश्न आहे, सर्व वाहनांकडे वैध पीयूसी प्रमाणपत्र आहे, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. त्यानंतर पंधरा दिवसांनी सूचनाफलकावर दुसरीच सूचना लागली. पावसाचे पाणी आणि धूळ गाड्यांवर येऊ नये म्हणून पार्किंगची पूर्वेकडील उघडी बाजू फायबरचे पत्रे लावून बंद करण्याचे ठरले आहे, असे तीत म्हटले होते. ज्या जागेतून धूर बाहेर जात नाही अशी माझी तक्रार होती, त्या जागेची धूर जाण्याची एकमेव मोठी वाट बंद करण्याचा हा निर्णय आहे. म्हणून तिसरा अर्ज न देता हे पत्र उघडपणे लिहीत आहे. खांबांवर उभ्या असलेल्या आणि खाली पार्किंग असलेल्या इमारती नाशिकमध्ये, पुण्यात, ठाण्यात, नागपुरात गल्लोगल्ली आहेत आणि आपल्याकडे जे सकाळी घडते ते तेथेही घडत असणार, याची मला खात्री वाटते.

माझा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. माझे घर पहिल्या मजल्यावर, बरोबर पार्किंगच्या डोक्यावर आहे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या खिडक्या ज्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत, उघडतात तो डक्ट खाली पार्किंगमध्येच उघडा आहे. पत्नीला गेली अकरा वर्षे दमा आहे. दुसरा संबंध व्यवसायाचा. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या वर्गाला मी एकतीस वर्षे शिकवले आहे. इंजिन ही माझ्या आयुष्यभराच्या कामाची वस्तू आहे, तिच्याविषयी मला राग नाही आणि गाडी बाळगणाऱ्या कोणाविषयीही नाही. माझ्याकडेही गाडी आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना पार्किंगची सकाळ ठाऊक नसेल, कारण आपली घरे वरच्या मजल्यांवर आहेत. ती मी पाहतो तशी सांगतो. डिसेंबरात सव्वासहाला अजून उजाडलेले नसते. निफाडकडून येणारी थंडी इतकी असते की गाड्यांच्या काचांवर दव साचून ओघळ उतरलेले असतात. पहिली गाडी सुरू होते. सुरुवातीला इंजिनचा आवाज चढा असतो, मग हळूहळू उतरतो. सायलेन्सरच्या तोंडातून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब पडतात. मालक काच पुसतात, फोनवर बोलतात, विसरलेला डबा आणायला पुन्हा वर जातात. गाडी चालूच असते. तेवढ्यात दुसरी सुरू होते, मग तिसरी. सातपर्यंत पाच ते सहा इंजिने एकाच वेळी उभ्या उभ्या चालू असतात आणि त्यांपैकी एकही गाडी जागची हललेली नसते. वाऱ्याची झुळूक नसते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे खालची हवा वर चढत नाही, झाकण लावल्यासारखी तेथेच थांबते. तिला मोकळी अशी एकच उभी वाट मिळते, ती म्हणजे आमचा डक्ट.

गेल्या रविवारी मी न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या पांढऱ्या सुती फडक्याने पुसल्या. शनिवारी रात्रीच त्या धुतलेल्या होत्या. फडक्यावर उमटलेला करडा, किंचित तेलकट पट्टा मी जपून ठेवला आहे आणि तो सभेत दाखवणार आहे. खाली पार्किंगच्या मागच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीवर, प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरसमोर, पंख्याच्या आकाराचा काळा डाग आहे. भिंतीला दिवाळीपूर्वी रंग दिला होता. तो डाग ज्या भिंतीवर आहे तिच्याच वरच्या टोकाला डक्टची जाळी आहे. गाड्या उलट्या लावण्याची आपली पद्धत असल्यामुळे सर्व सायलेन्सरांची तोंडे नेमकी त्या जाळीकडे असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाडी गरम केल्याशिवाय काढू नये, असे तुमच्याच क्षेत्रातले लोक सांगत आले आहेत, असे सचिवसाहेब मला जिन्यात म्हणाले. ते खरे आहे. सांगणाऱ्यांत मीही होतो. १९८० आणि १९९० च्या दशकांत माझ्या वर्गात कार्बोरेटरची इंजिने होती. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडर यांच्यावर मुले हात बसवत. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोकचा दांडा ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यायचे, इंजिन धरू लागले की चोक थोडा थोडा आत सारायचा, आणि ते एका लयीत चालू लागल्याशिवाय गिअर टाकायचा नाही, असे मी शेकडो मुलांना शिकवले. त्या काळी ते बरोबर होते. घाई केली तर गाडी चौकात बंद पडे. तेव्हाचे ऑइलही थंडीत काकवीसारखे घट्ट होई आणि वरच्या भागापर्यंत पोहोचायला वेळ घेई.

ती गाडी आज आपल्या पार्किंगमध्ये एकही नाही. मी मुद्दाम फिरून पाहिले आहे. आपल्याकडची प्रत्येक पेट्रोल गाडी इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी, आहे. कूलंट, म्हणजे इंजिनभोवती फिरणारे पाणी, किती थंड आहे हे सेन्सर मोजतो, त्यानुसार किती पेट्रोल सोडायचे हे इसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, ठरवतो, आणि चोक हाताळण्याचे जे कौशल्य मी दोन महिने शिकवत असे ते आता गाडी पहिल्याच सेकंदात स्वतः करते. ऑइलही बदलले. डब्यावर फाइव्ह डब्ल्यू थर्टी किंवा झिरो डब्ल्यू ट्वेंटी असे जे लिहिलेले असते, त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा आहे. शून्याखालच्या थंडीतही वाहते राहावे म्हणून बनवलेले हे ऑइल आपल्या आठ-दहा अंशांच्या सकाळी काही सेकंदांत सगळीकडे पोहोचते. ऑइलचा लाल दिवा विझला, पट्टा लावला, आरसा पाहिला, की गाडी निघायला तयार असते. पहिले दोन-तीन किलोमीटर ती हळू चालवावी, पिकअप जोरात दाबू नये, एवढेच पथ्य उरले आहे. उभे राहून गरम करण्याने इंजिनचे आयुष्य वाढत नाही. उलट थंड सिलिंडरच्या भिंतीवर न जळलेले पेट्रोल पडत राहते, तेथला ऑइलचा थर धुतला जातो आणि ते पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ करते. जे आपण गाडीच्या काळजीपोटी करतो त्याने गाडीचेच नुकसान होते.

माणसांचे नुकसान कसे होते, ते सांगतो. प्रत्येक पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो आवश्यक झाला. शिसे असलेल्या पेट्रोलने तो निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० च्या फेब्रुवारीपासून ते देशभर झाले. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तेथे बहुतांशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. मात्र ही वीट साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय काम करू लागत नाही. सकाळी ती थंडगार असते, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनात पेट्रोल जास्त सोडले जात असते. म्हणजे घाण सर्वांत जास्त तयार होते तेव्हा ती साफ करणारा भाग झोपलेला असतो. आधुनिक पेट्रोल गाडीच्या एका फेरीतील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा कन्व्हर्टर तापण्यापूर्वीच्या पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर पडलेला असतो. हे आमच्या धंद्यात सर्वमान्य आहे. कन्व्हर्टर पूर्वी गाडीच्या पोटाखाली असे, तो आता इंजिनला अगदी चिकटवून बसवतात आणि सुरुवातीचे काही क्षण ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतात. धूर अधिक गरम निघावा आणि वीट लवकर तापावी, एवढ्यासाठी हे सगळे करतात.

उभ्या गाडीत हा सगळा खटाटोप वाया जातो. न्यूट्रलमध्ये इंजिनवर भार नसतो, धूर कमी आणि थंड निघतो, आणि वीट तापायला लागणारा वेळ लांबतो. माझ्या गाडीत इंजिन थंड असेपर्यंत एक निळा दिवा पेटलेला असतो. गाडी लगेच काढली तर तो दिवा मुख्य रस्ता ओलांडून पुढच्या चौकात पोहोचेपर्यंत विझतो. एका सकाळी मी मुद्दाम गाडी मोकळ्या मैदानावर नेऊन रात्रभर ठेवली आणि पहाटे तशीच उभी चालू केली. थर्मासमधला चहा संपला, वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून झाले, तरी निळा दिवा तसाच होता. कन्व्हर्टरचा दिवा हा नव्हे, तो कूलंटचा आहे, पण उभी गाडी किती सावकाश तापते हे त्यावरून कोणालाही कळेल. दहा मिनिटे अशी उभी राहिलेली लहान गाडीसुद्धा साधारण चहाच्या कपाएवढे पेट्रोल जाळते, तेही एक पाऊल न चालता.

आपल्या उत्तरात पीयूसीचा आधार घेतला आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला भाग आहे. पीयूसी आवश्यक आहे आणि ते प्रत्येकाने वेळेवर काढलेच पाहिजे. परंतु ते काय मोजते हे पाहावे. आपण गाडी चालवत पेट्रोल पंपावर जातो, रांगेत थांबतो, आणि मग नळी सायलेन्सरमध्ये जाते. इंजिन पूर्ण तापलेले असावे, ही त्या तपासणीची अटच आहे. बीएस-चार आणि बीएस-सहा (गाड्यांच्या धुराच्या सरकारी मानकांचे टप्पे) पेट्रोल गाडीसाठी न्यूट्रलमध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि न जळलेल्या इंधनाची २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) आहे. कन्व्हर्टर तापलेला असेल तर चांगली गाडी या मर्यादांच्या खूप खाली राहते. तीच गाडी सकाळी सव्वासहाला, पहिल्या मिनिटात, काय सोडते हे त्या कागदावर नाही आणि असूही शकत नाही. माझी तक्रार गरम इंजिनाविषयी कधीच नव्हती. ती थंड इंजिनाविषयी आहे, आणि तिला गरम इंजिनाचे प्रमाणपत्र हे उत्तर होत नाही.

थंड इंजिनाची तपासणी देशात होते, पण ती गाडी विक्रीला येण्यापूर्वी, मान्यतेच्या वेळी. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय ही अशी मान्यता देणारी संस्था आहे. तेथे गाडी किमान सहा तास वीस ते तीस अंशांच्या खोलीत बंद ठेवतात, म्हणजे इंजिन, ऑइल, कन्व्हर्टर सगळे थंड होते. मग ती रोलरवर चढवून सुरू करतात आणि ठरलेल्या क्रमाने सुमारे वीस मिनिटे चालवतात. धुराचे मापन इंजिन सुरू होताक्षणी सुरू होते. आणि त्या क्रमात गाडी किती वेळ उभी असते? अकरा सेकंद. बाराव्या सेकंदाला ती हलते आणि हळूहळू ताशी पंधरा किलोमीटरचा वेग घेते. ज्या बीएस-सहा प्रमाणपत्राचा आपल्याला अभिमान आहे ते गाडीने अकरा सेकंद उभे राहून आणि मग चालून मिळवले आहे. दहा मिनिटे उभे राहण्यासाठी तिची परीक्षा झालेली नाही. बनवणाऱ्यांनी ती तशी वापरण्यासाठी बनवलेलीही नाही.

डिझेल गाड्यांच्या मालकांना वाटते की हा प्रश्न पेट्रोलचा आहे. डिझेल इंजिन न्यूट्रलमध्ये पेट्रोलपेक्षाही सावकाश तापते. बीएस-सहा डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते आणि साचलेली काजळी जाळून टाकायला तिला साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपासचे तापमान लागते, जे उभ्या गाडीत सहसा मिळत नाही. गाळणी तुंबल्याचा दिवा लागतो आणि गाडी गॅरेजात जाते, त्यामागे रोजचे उभ्या उभ्या गरम करणे आणि जवळ जवळच्या फेऱ्या हे मोठे कारण असते. आपल्याकडे गाळणी नसलेल्या जुन्या डिझेल गाड्याही चार आहेत. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे, तो आमच्या स्वयंपाकघरात येतो आहे. सीएनजीवाल्या सभासदांना एवढेच सांगतो की बहुतेक सीएनजी गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडे तापल्यावरच गॅसवर जातात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पत्नी सकाळी डोके जड असल्याचे सांगते, तेव्हा त्याचे कारण हाच वायू आहे असे मी ठामपणे म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत सहा ते आठ या वेळात आम्ही स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची खिडकी बंद ठेवतो, फोडणीचा धूर घरात कोंडून घेतो, आणि तरीही तिचा दम्याचा पंप हाताशी लागतो. मे महिन्यात लागत नाही. एवढे मी माझ्या वहीत रोजच्या रोज लिहून ठेवले आहे.

अलीकडच्या काळात दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. काही नव्या गाड्या फोनवरून सुरू करता येतात. चौथ्या मजल्यावरचे एक सभासद अंघोळीला जाण्यापूर्वी फोनवरून गाडी सुरू करतात आणि खाली येतात तेव्हा ती थंड हवेसह किंवा हीटरसह तयार असते. त्या वेळात गाडीजवळ कोणीही नसते. दुसरी गोष्ट लॉकडाऊनच्या काळापासूनची आहे आणि ती अनेक घरांनी उचलली आहे. परगावी जाताना किल्ली वॉचमनकडे द्यायची आणि बॅटरी उतरू नये म्हणून रोज दहा मिनिटे गाडी चालू ठेवायला सांगायचे. याचा बॅटरीला फारसा उपयोग नाही. थंडीत एकदा सेल्फ मारताना बॅटरीवर पडलेला ताण न्यूट्रलमधल्या दहा मिनिटांत जेमतेम भरून निघतो, आणि प्रत्येक वेळी धुराची पहिली दहा मिनिटेच तेवढी होतात. पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्याने बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडवून जावे. ज्याला ते जमत नसेल त्याने मला सांगावे, मी पाना घेऊन येईन आणि परत आल्यावर जोडूनही देईन. गाडीचे घड्याळ पुन्हा लावावे लागेल, एवढाच त्रास आहे.

आणि मग ते चालू ठेवणारे वॉचमन. त्यांची खुर्ची पार्किंगच्या आतल्या कोपऱ्यात, मीटरच्या खोलीशेजारी आहे. रात्रपाळी सकाळी आठला सुटते. म्हणजे ज्या दोन तासांविषयी मी हे सारे लिहितो आहे ते दोन्ही तास ते त्या हवेत पूर्ण बसून असतात. आम्हाला निदान खिडकी लावता येते. ते कधी काही बोलले नाहीत आणि नोकरी असलेल्या माणसाने बोलावे अशी अपेक्षाही नाही. मफलर नाकावर ओढून बसलेले त्यांना मी रोज पाहतो. या पत्रातील एकच मागणी मान्य करायची झाली तर त्यांच्या खुर्चीची करावी, असे मी मनापासून म्हणेन.

पावणेसातला शाळेची व्हॅन फाटकात येते आणि मुले जमेपर्यंत चालू इंजिनाने उभी राहते. आपली पहिली-दुसरीची मुले दप्तर पाठीला लावून तिच्या मागे रांग करतात. त्यांचे नाक आणि सायलेन्सर यांत मोठ्या माणसाला असते तेवढे अंतर नसते. कॅलिफोर्नियात शाळेच्या बसने शाळेशी पोहोचताच इंजिन बंद करावे असा नियम २००३ पासून आहे. आपल्या फाटकात तसे व्हायला सरकारी नियमाची वाट पाहण्याची गरज नाही, चालकाला कोणीतरी नीट समजावून सांगावे लागेल. मी एकदा सांगितले. त्यांनी लगेच बंद केली, आणि आठवड्याने पुन्हा सुरू राहू लागली, कारण सोसायटीच्या वतीने कोणीच काही म्हटले नव्हते.

पूर्वेकडच्या पत्र्यांविषयी माझे म्हणणे थोडक्यात आहे. मंजूर नकाशात ती बाजू उघडी दाखवलेली आहे. सकाळचा जो काही वारा येतो तो तेथूनच येतो. उत्तरेला जिना आणि मीटरची खोली, पश्चिमेला कुंपणाची भिंत, दक्षिणेला अरुंद रॅम्प, अशी जागा आहे. पत्रे लागले की गाड्यांवरची धूळ कमी होईल हे खरे. गाडीवरची धूळ ओल्या फडक्याने जाते.

काही आक्षेप मला तोंडी ऐकवले गेले आहेत. एक असा की इतक्या थंडीत काच धुरकट असते, गाडी काढणार कशी. दव बाहेरून असते, ते फडक्याने पुसावे. आतून धुके धरले तर एसी लावून हवा काचेवर सोडावी, ते चालत्या गाडीतही मिनिटभरात उतरते. जर्मनीत उणे तापमानात काचेवर बर्फ धरतो, तरीही तेथे वाहतुकीच्या नियमानुसार विनाकारण इंजिन चालू ठेवण्यास मनाई आहे आणि उभी गाडी गरम करत ठेवणे त्यातच मोडते. लोक प्लास्टिकच्या पट्टीने बर्फ खरवडून काढतात आणि निघतात. दुसरा आक्षेप असा की रस्त्यावर एवढा धूर आहे, आपल्या पाच-सहा गाड्यांनी काय होणार. रस्त्यावरचा धूर मोकळ्या हवेत विरतो आणि तिथल्या बहुतेक गाड्यांचे कन्व्हर्टर तापलेले असतात. आपला धूर छताखाली आहे आणि थंड इंजिनाचा आहे.

आता मागण्या लिहितो. पार्किंगच्या छताखाली कोणतेही वाहन अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ उभे ठेवून इंजिन चालू ठेवू नये, असा ठराव कार्यकारिणीने करावा आणि तो मराठीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक खांबावर लावावा. ज्यांना काही कारणाने थांबावेच लागते त्यांनी गाडी फाटकाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात, खिडक्यांपासून दूर न्यावी. फोनवरून गाडी सुरू करणे आणि बॅटरीसाठी वॉचमनकडून गाडी चालू ठेवून घेणे, ही दोन्ही कामे आपल्या आवारात पूर्ण बंद व्हावीत. वॉचमनला किल्ली देण्याची प्रथाच बंद झाली तर त्यांच्यावरचे एक ओझेही जाईल. डक्टच्या भिंतीलगतच्या सर्व गाड्या तोंड भिंतीकडे करून लावाव्यात, म्हणजे सायलेन्सर उघड्या बाजूकडे येतील. सकाळी गाडी मागे घेताना थोडी अडचण होईल हे मला मान्य आहे, त्यासाठी रॅम्पजवळ एक बहिर्वक्र आरसा बसवावा आणि त्याचा खर्च मी स्वतः देईन. वॉचमनची खुर्ची आणि टेबल या महिन्याच्या आत फाटकाजवळ, छताबाहेर हलवावे आणि त्यांना पावसा-उन्हापासून आडोसा करून द्यावा. पत्र्यांसाठी मंजूर केलेले पैसे त्यासाठी वापरता येतील. शाळेच्या व्हॅनच्या चालकांना सचिवांनी संस्थेच्या वतीने लेखी विनंती करावी. आणि पूर्वेकडील बाजू बंद करण्याचे काम, कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, थांबवावे.

दंड लावावा अशी माझी मागणी नाही. शेजाऱ्यांकडून दंड घेऊन मला शुद्ध हवा नको आहे. आपल्यापैकी बहुतेक जण हे जाणूनबुजून करत नाहीत, वडिलांनी किंवा पहिल्या गाडीच्या मेकॅनिकने सांगितलेले पाळत आहेत. त्या मेकॅनिकांपैकी काहींना ते मी शिकवले होते, आणि ते आता चालू राहू नये ही जबाबदारी मी माझी मानतो.

सहकार कायद्याच्या कलम ७६ नुसार एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा एका महिन्याच्या आत बोलवावी लागते. आपल्या अठ्ठेचाळीस सभासदांत त्यासाठी दहा सह्या लागतात. आजपर्यंत सात झाल्या आहेत, त्यांतल्या दोन तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरच्या आहेत, जिथे डक्टचा धूर पोहोचतो हे मलाही ठाऊक नव्हते. सभा बोलवायला लावण्याची वेळ येऊ नये, कार्यकारिणीने आपणहून हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्याआधी येत्या रविवारी सकाळी सव्वासहा वाजता आपण सर्वांनी पार्किंगमध्ये यावे. मी गाडीच्या डॅशबोर्डखाली जोडायचा स्कॅनर घेऊन उभा असेन. ज्यांची इच्छा असेल त्यांच्या गाडीचे इंजिन किती अंशांवर आहे आणि उभे राहून किती वेळात किती तापते हे पडद्यावर दाखवीन, आणि मग तीच गाडी पुढच्या चौकापर्यंत नेऊन आणू. वॉचमनच्या शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवतो. अध्यक्षांनी सातपर्यंत तिच्यावर बसावे.

आपला,
पहिल्या मजल्यावरील एक सभासद आणि निवृत्त निदेशक, मोटार मेकॅनिक विभाग